लिहिलेला ताल

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने वायव्येस निघाले, की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी अशी गावांची माळ लागते. आणि नाशिकच्या रस्त्याने उत्तरेस गेले, की भोसरी ओलांडून चाकण येते. एके काळी ही सारी शेतकऱ्यांची गावे होती. चाकणचा कांद्याचा बाजार प्रसिद्ध होता व अजूनही आहे. तेथील भुईकोट किल्ला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध किती नेटाने लढविला, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिन तयार करण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. तिच्यामागून मोटारींचे, स्कूटरींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले, आणि पाहता पाहता चाकणच्या माळापर्यंत धुराडी व पत्र्याची छपरे पसरली. आज ह्या टापूत एक पाळी संपते तेव्हा दुसरी सुरू होते. यंत्रे रात्रीही झोपत नाहीत.

ह्या यंत्रांचा आवाज नुसता गोंगाट आहे, असे आपल्याला वाटते. पण जरा कान देऊन ऐकावे. पत्र्याला आकार देणारा प्रेस ठरावीक अंतराने धप्प असा आघात करतो. दोन आघातांच्या मध्ये हवेचा फुत्कार ऐकू येतो. पलीकडे सरकता पट्टा एकसारखा खडखडत असतो. धप्प, फुस्, खडखड. पुन्हा धप्प, फुस्, खडखड. ठरलेल्या वेळी पुन्हा पहिल्या जागी येणे, ह्याला संगीतात आवर्तन म्हणतात. प्रेसचा आवाज म्हणजे काही संगीत नव्हे. तथापि ज्या गोष्टीवाचून ताल उभाच राहत नाही, ती गोष्ट त्यात आहे.

भोसरीच्या एखाद्या लहानशा वर्कशॉपात गेले तर आणखी एक मौज पाहावयास मिळते. पूर्वी लेथवर काम करणारा कारागीर हाताने चाक फिरवून लोखंडाचा तुकडा तासत असे. आता पुष्कळ ठिकाणी तो यंत्राच्या अंगच्या कळफलकावर अक्षरे आणि अंक टंकतो. ‘एम ०३’ असे लिहिले, की स्पिंडल फिरू लागतो. ‘जी ०१’ आणि त्यापुढे काही अंक लिहिले, की हत्यार सांगितलेल्या वेगाने सरळ रेषेत सरकते. ‘एम ३०’ म्हणजे काम संपले. अशा ओळींच्या मालिकेला कामगार ‘प्रोग्राम’ म्हणतात; पुस्तकी मराठीत तिला आज्ञावली असे नाव आहे. मात्र यंत्र धातू कापीत असताना ऑपरेटर ही आज्ञावली सहसा बदलत नाही. बदलावयाची तर तो यंत्र थांबवितो, ओळ दुरुस्त करतो आणि मगच पुन्हा कळ दाबतो. त्यालाही कारण आहे. एक अंक चुकला तर हत्यार मोडते, आणि कधी कधी त्याहून वाईटही घडते.

अक्षरे लिहून लोखंड वळविता येते, तर अक्षरे लिहून तबला का वाजू नये? आणि तबल्याने बोट कापले जात नाही, तेव्हा वाजत असतानाच ती अक्षरे बदलावयास काय हरकत आहे? जगातील काही संगीतकारांनी हे दोन्ही प्रश्न मनावर घेतले. त्यांतून वादनाची एक नवी रीत निघाली. तिला ‘लाइव्ह कोडिंग’ म्हणतात. वाजविता वाजविता आज्ञावली लिहीत जावयाचे, असा त्या नावाचा अर्थ.

ह्या रीतीच्या मैफलीत वादकापुढे वाद्य नसते. एक संगणक असतो. त्याच्या मागे मोठा पडदा लावलेला असतो, आणि वादक जे काही टंकतो ते जसेच्या तसे त्या पडद्यावर उमटते. तो एक ओळ लिहितो आणि दोन कळा दाबतो; त्याबरोबर सभागृहात एक साधा ठेका सुरू होतो. ठेका चालूच असतो. तेवढ्यात तो त्या ओळीतील एखादे अक्षर बदलतो, आणि ठेक्याचे रूप पालटते. खाली दुसरी ओळ लिहिली, की ठेक्यावर सूर चढतात. एखादी ओळ पुसून टाकली, की एक वाद्य गप्प होते. श्रोते कानांनी ऐकतात, तसेच डोळ्यांनी वाचतातही.

ह्या कलावंतांनी २००४ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी एकत्र येऊन ‘टॉपलॅप’ नावाचे एक मंडळ स्थापन केले. आपला पडदा श्रोत्यांना दाखवावा, तो झाकून ठेवू नये, हा त्या मंडळाचा मुख्य आग्रह. तबलजीची बोटे आपल्याला दिसतात; गवयाचा चेहरा दिसतो. संगणकामागे बसलेला माणूस मात्र वाजवीत आहे की नुसताच बसला आहे, हे कळणार कसे? म्हणून हा नियम. तो योग्यच म्हटला पाहिजे.

प्रारंभी अशा वादनासाठी संगणकावर निरनिराळी साधने बसवावी लागत, आणि ते काम किचकट असे. आता ती अडचण बरीच दूर झाली आहे. इंटरनेटवरील पाने पाहण्यासाठी आपण जे साधन वापरतो, त्याला ब्राउझर म्हणतात. हे ब्राउझर पूर्वी केवळ मजकूर आणि चित्रे दाखवीत. पुढे त्यांना ध्वनी निर्माण करण्याची विद्याही शिकविण्यात आली, आणि २०२१ साली तिचे नियम जगभरासाठी प्रमाण म्हणून मान्य झाले. ब्राउझर ध्वनी निर्माण करतो म्हणजे काय करतो? तो दर सेकंदास बहुधा ४४,१०० किंवा ४८,००० अंक तयार करतो. प्रत्येक अंक म्हणजे त्या क्षणी ध्वनिक्षेपकाचा पडदा किती पुढे किंवा मागे असावा, ह्याचा हिशेब. पडदा हलतो, हवा हलते आणि आपल्याला नाद ऐकू येतो. इतके अंक एवढ्या थोड्या वेळात मोजणे माणसाला अशक्य. यंत्राला ते सहज जमते.

अशा रीतीने ब्राउझरातच चालणारे एक साधन ‘स्ट्रुडल’ ह्या नावाचे आहे. अॅलेक्स मॅक्लीन आणि फेलिक्स रूस ह्या दोघांनी ते २०२२ साली करावयास घेतले. ते विनामूल्य आहे, आणि त्याची अंतर्रचना कोणालाही उघडून पाहता येते. त्यात तालाचे लेखन कसे करतात, ते थोडे समजावून घेऊ. त्यातील ध्वनींची नावे सहसा रोमन लिपीत असतात. परंतु समजण्यास सोपे जावे म्हणून येथे आपल्या तबल्याचे बोल घेतले आहेत.

समजा, अशी ओळ लिहिली:

धा धिं ना धिं

स्ट्रुडलमध्ये काळाचे मूळ माप म्हणजे एक आवर्तन. आपण वेगळे काही सांगितले नाही, तर ते दोन सेकंदांचे असते. वरील ओळीत चार बोल आहेत. म्हणून प्रत्येकाच्या वाट्यास अर्धा सेकंद येतो. आता पाचवा बोल वाढविला तर काय होईल? आवर्तन लांबणार नाही. तेच दोन सेकंद पाचांत वाटले जातील, आणि सगळे बोल किंचित जलद होतील. घरात पाहुणा आला म्हणजे भाकरी वाढत नाही, वाटे वाढतात. तशातलाच हा प्रकार. आपल्या तालांत असे नसते. सहा मात्रांच्या दादऱ्यात आणखी एक मात्रा घातली, तर तो दादरा राहतच नाही. त्यामुळे तबला शिकलेल्या मुलाला हे लेखन पहिल्या दिवशी जरा चमत्कारिक वाटते.

आता चौकटी कंस घालून पाहू:

धा [धिं धिं] ना [ति र कि ट]

कंसातील सर्व बोल मिळून एकच वाटा घेतात. म्हणजे दुसऱ्या वाट्यात दोन ‘धिं’ दुप्पट वेगाने वाजतील, आणि चौथ्या वाट्यात ‘तिरकिट’ चौपट वेगाने उमटेल. तबल्यात ज्याला दुगुण आणि चौगुण म्हणतात, तीच ही गोष्ट. कंसाच्या आत आणखी कंस घालता येतो, त्याच्या आत आणखी. ‘ना*३’ असे लिहिले म्हणजे एका वाट्यात ‘ना’ तीनदा. ‘~’ अशी लहर काढली, की तेवढा काळ शांतता. ‘<धा ता>’ असे लिहिले, की एका आवर्तनात ‘धा’, दुसऱ्यात ‘ता’, पुन्हा ‘धा’, असा पाळीपाळीने क्रम चालतो. आणि कंसात स्वल्पविराम देऊन ‘[धा धिं ना, ता ता]’ असे लिहिले, तर एका बाजूस तीन बोल आणि दुसऱ्या बाजूस दोन, असे दोन्ही प्रवाह एकाच आवर्तनात एकदम वाहू लागतात. दोन हातांनी टेबलावर हा तीन विरुद्ध दोनाचा ठेका धरून पाहावा. तो वाटतो तितका सोपा नाही.

एक चिन्ह तर गणितातून आले आहे. ‘धा(३,८)’ ह्याचा अर्थ, आवर्तनाचे आठ समान भाग पाडून त्यांत तीन ‘धा’ शक्य तितके सारख्या अंतरावर बसवावे. आठाला तिनाने पूर्ण भाग जात नाही. तेव्हा अंतरे ३, ३ आणि २ अशी पडतात. ‘धा - - धा - - धा -’ असा तो ठेका होतो. क्यूबासारख्या देशांच्या लोकसंगीतात हाच ठेका पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलेला आहे. महत्तम साधारण विभाजक काढताना तुम्ही जी भागाकाराची रीत शिकता, ती युक्लिड ह्या ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथातील आहे. तिच्यातून असे कितीतरी ठेके निघतात, हे गॉडफ्राइड तूसाँ ह्या विद्वानाने २००५ साली दाखवून दिले.

याखेरीज संगणकाला वाक्ये सांगता येतात. ‘हे दुप्पट जलद कर’, ‘हे उलटे वाजव’, ‘दर चौथ्या आवर्तनाला उलटे वाजव, एरवी सरळ’, अशा आज्ञा लिहिल्या, की दोनचार शब्दांतून पुष्कळ वेळ न कंटाळता ऐकता येईल असा ताल निर्माण होतो. अर्थात, अशा रीतीने झालेले सगळेच संगीत ऐकण्याजोगे असते असे नाही. नियम चोख पाळलेला, पण ऐकताना जांभई यावी, असा तालही ह्यात पुष्कळ निघतो.

ही कंसांची लिपी मॅक्लीन यांना सुचली कोठून? तिचे एक मूळ भारतात आहे, आणि तेही थेट तबल्यात.

ती हकीकत अशी. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जेम्स किपन नावाचे एक ब्रिटिश संशोधक लखनौस राहून उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. आफाक हुसेन हे लखनौ घराण्याचे खलिफा, म्हणजे त्या घराण्याचे प्रमुख. त्यांच्या शिकवणीत पुस्तक नव्हते. गुरूने बोल म्हणावे, शिष्याने ते म्हणावे, मग हाताने काढावे, असा क्रम. त्या काळी बर्नार बेल नावाचे एक फ्रेंच अभियंता भारतात होते. किपन यांना बोल झटपट टिपता यावेत म्हणून बेल यांनी १९८२ साली अॅपल कंपनीच्या लहान संगणकासाठी एक आज्ञावली रचली. तीत एकेका कळेला एकेक बोल नेमून दिला होता. कळ दाबली, की अख्खा बोल उमटे. म्हणून तिचे नाव ‘बोल प्रोसेसर’ पडले. नावातला ‘बोल’ हा शब्द आपलाच आहे.

लवकरच ह्या कामाला वेगळे वळण लागले. तबल्यात कायदा नावाचा एक प्रकार आहे. आधी एक मूळ रचना द्यावयाची, आणि मग तिच्यातीलच बोल खालीवर करून तिचे पलटे वाजवावयाचे. उदाहरणार्थ, नवशिक्यांना शिकवितात तो हा कायदा पाहा:

धा धा ति ट | धा धा तूं ना
ता ता ति ट | धा धा धिं ना

पहिली ओळ भरी, म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्यासह. दुसरीच्या आरंभी डग्गा मिटतो आणि ‘धा’चा ‘ता’ होतो, ही खाली. पलट्यात बाहेरचा बोल आणावयाचा नाही, ओळीचा शेवट सांभाळावयाचा, आणि खाली आली की डग्गा मिटावयाचा. हे नियम गुरू क्वचितच सांगतो. शिष्य ऐकून ऐकून ते उचलतो. किपन आणि बेल यांनी ठरविले, की हे नियम व्याकरणाप्रमाणे लिहून काढावे, आणि त्या व्याकरणावरून संगणकाला नवे पलटे रचावयास लावावे.

पलटे किती होतील, ह्याचा एक लहानसा हिशेब आपणही करू शकतो. ‘धा’ची एक मात्रा आणि ‘तिट’च्या दोन मात्रा धरल्या, तर चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरता येईल? धा धा धा धा, धा धा तिट, धा तिट धा, तिट धा धा, तिट तिट. एकूण पाच. आठ मात्रांची जागा ३४ तऱ्हांनी भरते, आणि सोळा मात्रांची १,५९७ तऱ्हांनी. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ अशी ही माळ जाते, आणि तीतील प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. गुजरातेतील जैन आचार्य हेमचंद्र यांनी बाराव्या शतकात, लघू आणि गुरू अक्षरांनी किती वृत्ते होतील हे मोजताना, हीच माळ सांगितली होती. पश्चिमेत तिला फिबोनाची ह्या इटालियन गणितज्ञाचे नाव मिळाले. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा; म्हणजे नंतरचा.

१,५९७ पलटे लिहिण्यास संगणकाला एक निमिषही लागत नाही. पण त्यांतले तबलजीला वाजवावेसे वाटतील असे किती? सोळा मात्रा नुसते ‘धा धा धा धा’ केले तरी वरच्या हिशेबात तो पलटा बसतोच. तो कोणी मैफलीत वाजविणार आहे काय? म्हणून संगणकाने रचलेले पलटे उस्तादांपुढे ठेवण्यात आले. त्यांनी काही मान्य केले, काही नाकारले, तर काहींच्या जागी, असे नव्हे तर असे, म्हणून स्वतः वाजवून दाखविले. ते नाकारणे फार मोलाचे ठरले. कारण प्रत्येक नकारामागे एक नियम लपलेला असे, जो तोवर कोणी शब्दांत सांगितलेलाच नव्हता. संशोधक तो शोधून व्याकरणात घालीत आणि पुन्हा संगणक चालवीत. उलट दिशेनेही परीक्षा चाले. उस्तादांनी वाजविलेला पलटा संगणकाला द्यावयाचा आणि तो व्याकरणात बसतो का ते पाहावयाचे. बसला नाही, तर चूक उस्तादांची नव्हे. व्याकरणच अपुरे आहे, असे समजावयाचे. यंत्र विद्यार्थी होते आणि गुरू माणूसच होता. उस्ताद आफाक हुसेन खाँ १९९० साली निवर्तले. हे काम मात्र किपन आणि बेल यांच्या लेखांतून जगभर पोहोचले होते.

पुढे बेल यांनी बोल प्रोसेसरमध्ये सर्व प्रकारच्या संगीतासाठी लेखनाची सोय केली. निरनिराळे प्रवाह कंसात घालून, मध्ये स्वल्पविराम देऊन, एकाच कालावधीत बसविण्याची युक्ती तीत होती. इंग्लंडमध्ये अॅलेक्स मॅक्लीन यांनी २००९ च्या सुमारास ‘टायडल’ नावाची वादनाची आज्ञावली-भाषा रचण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यांनी ह्या युक्तीचा आधार घेतला आणि बोल प्रोसेसरचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. टायडलबरोबर मिळणाऱ्या ध्वनिसंग्रहात तबल्याच्या आघातांचाही एक गट आहे. आपण वर पाहिलेले स्ट्रुडल हे ह्याच टायडलचे ब्राउझरासाठी केलेले रूप. ‘बोल म्हणावे, मग वाजवावे’ ही गुरुगृहीची रीत अशा फेऱ्याने जगभरच्या पडद्यांवर येऊन पोहोचली.

ज्या बेल यांनी लखनौच्या तबल्याचे व्याकरण रचण्यास हातभार लावला, त्यांचे नाव पिंपरी-चिंचवडच्या अगदी शेजारी आणखी एका कामाशी जोडलेले आहे. कारखान्यांच्या पट्ट्याच्या पश्चिमेस मावळ आणि मुळशी हे डोंगराळ तालुके आहेत. तेथील गावांत पूर्वी भल्या पहाटे घरोघर जात्याची घरघर सुरू होई. दोघी जणी समोरासमोर बसत, एकच खुंटा धरून वरची तळी फिरवीत, आणि मूठमूठ दाणे घालीत. दगड जड, काम कंटाळवाणे. म्हणून फिरत्या जात्याबरोबर ओवी येई. माहेर, भाऊ, पाऊस, विठ्ठल, सासुरवासाचे दुःख, गावातील अन्याय, जे मनात असेल ते ओवीत येई. ह्या ओव्या कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या. त्या आईकडून मुलीकडे जात.

मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांचे फार मोठे कष्ट वाचले, आणि त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचे काही कारण नाही. पहाटेच्या अंधारात दळण दळणाऱ्या बाईला जाते हे काही करमणुकीचे साधन नव्हते. परंतु जाते थांबले, तशी ओवीही थांबली. गाणे कामाला बांधलेले होते. काम गेल्यावर ते कोठे राहणार? पुण्यातील हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुढे भारताचेच नागरिक झालेले गी प्वातव्हाँ, ह्या दोघांनी गावांतील स्त्रियांच्याच साह्याने ह्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बेल त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांची संगणकावर पद्धतशीर नोंद केली, आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. एका यंत्राने जे गाणे थांबविले, ते दुसऱ्या यंत्राने जपून ठेवले, असे हे झाले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ह्या संस्थेने त्या ओव्या इंटरनेटवर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि आता त्या कोणालाही ऐकता येतात.

तेव्हा आज चाकणच्या एखाद्या मुलीला, घरात किंवा शाळेत संगणक असला तर, दोन गोष्टी एकाच ब्राउझरात उघडता येतील. एका खिडकीत स्ट्रुडल, दुसरीत मुळशीच्या डोंगरातील ओवी. स्ट्रुडलमधील ओळ लिहिताना एखादा कंस मिटावयाचा राहिला, तर ती घाबरणार नाही. कारण चूक झाली तरी हे साधन बंद पडत नाही. ते चुकीची सूचना देते आणि जुना ठेका तसाच वाजवीत राहते. ओळ दुरुस्त झाली, की नवा सुरू करते. लेथवर जे धोक्याचे, ते येथे नित्याचे. मैफलीतील वादकही भर सभेत अशा चुका करतात, आणि पडदा उघडा असल्यामुळे श्रोत्यांना त्या चुका दिसतात व त्यांची दुरुस्तीही दिसते.

आता तिने ओवीचा ताल लिहून पाहावा. आवर्तनाचा वेग थोडा कमी करावा, म्हणजे जात्याचा एक फेरा एका आवर्तनात बसेल. पहिले दोनतीन फेरे छान जुळतील. मग बाईचा आवाज किंचित मागे पडेल, कारण गाणारीने मध्येच श्वास घेतला आहे. पुढच्या चरणाला तो पुढे येईल. एखाद्या शब्दावर ती लांब रेंगाळेल आणि फेरा चांगलाच मोठा होईल. स्ट्रुडलचे आवर्तन मात्र तितकेच्या तितके, दर वेळी. मग मुलीपुढे दोन मार्ग आहेत. वेग मधून मधून थोडा कमीजास्त होत जावा, अशी आज्ञाही लिहिता येते. परंतु कोठे कमी आणि कोठे जास्त, हे ओवी पुन्हा पुन्हा ऐकल्याशिवाय तिला लिहिता येणार नाही. किंवा तिने ओवीला तालात कोंबण्याचा नाद सोडावा, ठेका अगदी विरळ करावा, दोन ‘धा’ आणि बाकी सगळ्या लहरी, आणि त्या शांततेत बाईला हवे तसे गाऊ द्यावे.